धोंडिबाचा डावा पाय

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात गाडीपेक्षा गाडीवाल्याचं ऐकून घेणं जास्त अवघड. गाडी निदान एकच आवाज पुन्हा पुन्हा काढते, गाडीवाला दर वेळी नवा काढतो. चिंचवडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे यायचे, ते गाडीचा बिघाड तोंडानं करून दाखवायचे. "खड्, खड्, खड्, मग जरा थांबून टुक्." हा प्रयोग ते इतका रंगवायचे की शेजारच्या चहावाल्याची गिऱ्हाइकं कप हातात धरून बघत उभी राहायची. गाडीत बसून फेरी मारावी तर ती बिचारी मुकी. एकदा मी म्हटलं, "सर, गाडी राहू द्या, आज तुम्हालाच तेल घालतो." त्यानंतर सहा महिने ते माझ्या दारात आले नाहीत.

मी सोमण. वडील तळेगावच्या शाळेत शिक्षक होते आणि मुलानं कचेरीत चिकटावं अशी त्यांची साधी इच्छा होती. मी बासष्ट साली चिंचवडला हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि गॅरेज सुरू केलं. 'सोमण' आणि 'मिस्त्री' हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले लोकांना पचत नसत. नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" मी काळे हात वर करून दाखवायचो. वडिलांना ते हात शेवटपर्यंत आवडले नाहीत. मला मात्र त्यांचा अभिमान होता, आणि त्याहून जास्त अभिमान होता कानांचा. गाडी रस्त्यावरून आत वळली की कुठला सांधा ढिला आहे ते मी पाठमोरा सांगायचो. कधी कधी बरोबरही निघायचं.

पिंपरीच्या एका कारखान्यातले साहेब दर सोमवारी गाडी घेऊन यायचे. ब्रेक मारला की मागे दणका बसतो, म्हणायचे. मी दोनदा मागचा धुरा तपासला, स्प्रिंगा पाहिल्या, काही सापडेना. तिसऱ्या सोमवारी स्टेपनी काढायला डिकी उघडली तर गोणपाटाखाली दगडी वरवंटा. सासूबाईंनी लेकीला दिलेला, आणि लेक घरी उतरवून घ्यायला विसरलेली. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला आणि म्हणाले, "हे बाहेर कुठं बोलू नका." मी इतकी वर्षं बोललो नाही. आता साहेबही निवृत्त आणि मीही, म्हणून लिहितो.

असल्या गोष्टी सांगायला मजा येते. पण गॅरेजच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर मला पहिल्यांदा जी आठवली ती यातली नव्हे. ती एका ठोक्याची आहे.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद लागते मागच्या चाकांना. म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळा मागे जातो, तो शाफ्ट. खड्ड्यातून जाताना मागची चाकं वरखाली होतात, म्हणून या शाफ्टच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे वळणारे सांधे असतात. ते अधिकच्या चिन्हासारखे दिसतात, म्हणून त्यांना क्रॉस म्हणायचं. शिवाय एका टोकाला शाफ्टचे दोन भाग दातेरी खोबणीत एकात एक सरकतात, म्हणजे गरजेपुरतं लांब-आखूड होता येतं. यात कुठे ढिलाई आली किंवा काही वाकडं बसलं की ताकद नीट पोचत नाही. गाडी चाल घेताना पोटाखालून धाड् धाड् होतं. तो ठोका.

मात्र ठोका खालून आला म्हणजे दोष खालीच असतो असं नाही. चालवणाऱ्याचा डावा पाय क्लचवर असतो. तो पाय हळूहळू न सोडता झटक्यानं सोडला तर धडधाकट गाडीसुद्धा धक्का खाते. म्हणून आम्ही मिस्त्री लोक आधी गाडी चालवून बघतो, मग गाडीवाल्याला चालवायला लावतो. माझ्या हातात आवाज नाही आणि त्याच्या हातात आहे, म्हणजे दोष त्याच्या पायात. हा नियम मला माझ्या गुरूंनी शिकवला होता. नियम चांगला आहे, फक्त तो वापरणाऱ्याला डोकं लागतं.

रहाटणीच्या तात्यांकडे एक काळी विलायती गाडी होती. युद्ध संपल्यानंतरच्या काळातली, लांब नाकाची, दारांना आतून लाकडी पट्टी असलेली. सारा गाव तिला 'काळी' म्हणायचा. तात्या जुन्या शेतकरी घराण्यातले. दबक्या आवाजात बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं, सगळं बोलणं गावाला ऐकू जाईल असं. त्यांना स्वतःला गाडी जेमतेम चालवता यायची. ती चालवायचा धोंडिबा. लष्करात ट्रक चालवून आलेला, पन्नाशीचा, सडपातळ माणूस. चौदा वर्षं काळी त्याच्या हातात होती. सकाळी तो आधी तिला पुसायचा आणि मग स्वतः तोंड धुवायचा, असं त्याची बायको सांगे.

गाडी माझ्याकडे आणली की धोंडिबा खाली उकिडवा बसून सांगायला लागायचा. "मिस्त्री, देहूरोडच्या चढाला बारीक कुरकुर करती. उतारावर न्हाई. सकाळी थंडीत न्हाई, दुपारच्याला हाय." हे सांगणं पाच मिनिटं चालायचं. मी मान डोलवायचो आणि निम्मं ऐकायचो. माझे कान होते ना!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका नवरात्रात काळी माझ्याकडे आली. दोन्ही क्रॉस झिजले होते. विलायती गाडीचे क्रॉस मिळणं म्हणजे कर्मकठीण. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून मी ते बनवून घेतले आणि शाफ्ट खाली उतरवून ठेवला. शाफ्टचे दोन भाग पुन्हा जोडताना दोन्हीकडचे क्रॉस एका रेषेत यावे लागतात, नाहीतर ते एकमेकांशी भांडतात. म्हणून वेगळे करायच्या आधी दोन्ही भागांवर खूण करायची आणि जोडताना खुणेला खूण लावायची. मी लाल तेलरंगाचा एकेक ठिपका दिला. मधे खंडेनवमी आली. आमच्या धंद्यातला तो मोठा सण. पाने, हातोड्या, जॅक, सुटे भाग, सगळं रॉकेलनं धुऊनपुसून मांडायचं आणि पूजा करायची. ती झाली, पेढे वाटले, आणि दुपारी मी शाफ्ट चढवला. दसऱ्याला तात्यांना काळीतून सोनं वाटायला जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी धोंडिबा हजर.

"मिस्त्री, तुमी खोलल्यापासनं गाडी ठोका मारतीय."

"नवीन क्रॉस आहेत. बसतील."

"बसायचं न्हाई वाटत. चाल घेताना पोटात धाडधाड हुतंय. मालक मागं असले म्हंजे लईच."

मी गाडी घेऊन एकटाच आकुर्डीपर्यंत जाऊन आलो. थोडी थरथर होती, पण ठोका म्हणावा असा काही नव्हता. "काही नाही," म्हटलं आणि दुसऱ्या गाडीखाली शिरलो.

आठवड्यानं तात्या स्वतः आले. बरोबर गावातले तिघे जण. धोंडिबा गाडीपाशी उभा. तात्यांनी तिथूनच आरोळी दिली, "मिस्त्री, काय केलं गाडीला? पाहुण्यांत लाज गेली माझी!" चार माणसांत असं बोलल्यावर माझंही डोकं तापलं. मी म्हटलं, चला, समोरच बघू. एकट्यानं फेरी मारून आलो. आवाज नाही. मग धोंडिबाला बसवलं, मागे तात्या आणि ते तिघे, मी त्याच्या शेजारी. त्यानं क्लच सोडला आणि सीटखालून धाड् धाड् आलं. पुन्हा सोडला, पुन्हा आलं.

मी खाली उतरलो, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तात्या, दोष गाडीत नाही. दोष हिच्या ड्रायव्हरच्या पायात आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. धोंडिबा गाडीतून उतरला. म्हणाला, "चौदा वर्सं ह्योच पाय हाय, मिस्त्री."

"वय होतं माणसाचं," मी म्हणालो. हेही सगळ्यांसमोर.

तात्या म्हणाले, "आन् मला सांगतोय मिस्त्रीनं बिगडवली! नाचता येईना अंगण वाकडं."

दिवाळीच्या आत धोंडिबाचं काम गेलं. रहाटणीत मारुतीच्या देवळापुढे सकाळी माणसं बसतात, तिथे लोक त्याला बघून डावा पाय झटकून दाखवायला लागले. मला हे उडत उडत कळत होतं. मला वाईट वाटलं, पण इतकं नाही. निदान केलं होतं, औषध कडू होतं, असं मी स्वतःला समजावलं. तो भोसरीच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून लागला आणि बायको-मुलीला घेऊन तिथेच एका खोलीत राहायला गेला. स्टिअरिंग धरायला त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पाय गेलेला ड्रायव्हर कोण ठेवणार?

मार्गशीर्षात तात्यांच्या पुतणीचं लग्न तळेगावात होतं. मला आमंत्रण होतं, आणि तात्यांनी आग्रहानं काळीतच बसवलं. नवीन ड्रायव्हर तिशीचा, त्यांच्या नात्यातला, पाय लोण्यासारखा. मी मागे मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक धिप्पाड पाहुणा, पुढे तात्या. गाडी निघाली आणि माझ्या बुडाखाली धाड् धाड् झालं.

मला वाटलं नवा आहे, चुकला असेल. निगडीला फाटकाशी थांबून पुन्हा निघालो, पुन्हा तेच. देहूरोडच्या चढाला तर ठोका दातांत जाणवला. मी पुढे वाकून त्या पोराच्या डाव्या पायावर डोळा ठेवला. पाय अगदी हळू सुटत होता. तात्या मागे वळून म्हणाले, "धोंडिबानं गाडीला खोडच लावून ठिवलीय बगा."

सोमाटण्याला पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "सगळे खाली आहेत तोवर जरा पुढे घे बघू." गाडी गुपचूप निघाली. मग मी पाहुण्यांना परत बसवलं आणि म्हटलं, आता घे. धाड् धाड्.

तिथे रस्त्याच्या कडेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोन वेळा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा एकट्यानं. धोंडिबा चालवत होता तेव्हा गाडीत सहा माणसं होती. वजन पडलं की गाडी मागे बसते, शाफ्टचा कोन बदलतो, आणि जोडणीत जे वाकडं आहे ते बोलू लागतं. फरक पायाचा नव्हता, ओझ्याचा होता. आणि ते धोंडिबानं मला तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, 'मालक मागं असले म्हंजे लईच.' मी ऐकलं नव्हतं.

लग्नात मी काही बोललो नाही. लग्नघरात कशाला, असं मनाशी म्हटलं. पळवाट काढायला माणसाला कारण सापडतंच.

सोमवारी काळी मागवून घेतली, शाफ्ट उतरवला आणि उजेडात धरला. दोन्ही भागांवरचे लाल ठिपके समोरासमोर होते, अगदी तंतोतंत. मग वाकडं काय? मी एका भागावरचा ठिपका नखानं खरवडला. तेलरंग खरवडला तर पापुद्रा निघतो. याची पूड झाली. बोटाला लागली ती लाल, मऊ, कडेला हळदीसारखी पिवळी.

ते कुंकू होतं.

खंडेनवमीला सगळं रॉकेलनं धुताना त्या भागावरचा माझा ठिपका निघून गेला होता. मग आमच्या सौ.नं, कुसुमनं, पूजेला मांडलेल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावलं. शाफ्टच्या तेलकट लोखंडाला ते चिकटून बसलं आणि वाळून गडद झालं. मी घाईत लालला लाल जुळवलं. घासलं तेव्हा कारखान्यातच कोरलेला जोडणीचा बाण वंगणाच्या थराखाली दिसला, तीन दाते अलीकडे.

दुपारी जेवताना मी कुसुमला सांगितलं. तिनं हातातली पोळी खाली ठेवली. म्हणाली, "अहो, मला काय ठाऊक ती तुमची खूण होती? मी सगळ्याला लावलं."

"तुझी चूक नाही," मी म्हणालो. खरं तर क्षणभर ती तिचीच असावी असं मला फार वाटलं होतं.

बाणाला बाण लावून शाफ्ट चढवला. शेजारच्या वखारीतले चौघे हमाल मागे बसवून फेरी मारली. काळी तोंडातून शब्द काढीना. संध्याकाळी तात्या आले, फेरी मारून खूश. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "धोंडिबानं घालवलेली गाडी तुमी परत आणली बगा, मिस्त्री!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. गाडी बरी झाली होती, माझं नाव वाढलं होतं, कुणाला काही कळणार नव्हतं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. चार दिवस मी कामात डोकं खुपसून काढले. पाचव्या दिवशी कुसुम म्हणाली, "कुंकू मी लावलंय. तुम्ही जात नसाल तर मी जाते त्यांच्याकडे." मी सायकल काढली.

धोंडिबा कारखान्याच्या फाटकाशी स्टुलावर बसला होता. खाकी कपडे, हातात काठी. मी सगळं सांगितलं, कुंकवासकट. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा हसेल तरी. एक ट्रक आला, त्यानं उठून फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसला.

"माझं चुकलं, धोंडिबा."

"व्हय."

"काय करू सांगा."

"माझ्याफुडं बोलून काय उपेग? मला ठावंच हुतं," तो म्हणाला. "ज्या मान्सांत माझा पाय काढला, त्या मान्सांत बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रहाटणीला मारुतीच्या देवळापुढे गेलो. तात्या होते, ते तिघे होते, आणखी सात-आठ जण होते. मी उभा राहून सांगितलं, की गाडी मी चुकीची जोडली, तपासली चुकीची, आणि नाव धोंडिबाचं घेतलं. त्याच्या पायात कधीही दोष नव्हता. आधी कुणाला खरंच वाटेना. मग कुंकवाचं ऐकल्यावर हशा पिकला. एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे मिस्त्रीला कुकू आन् रंग वळखंना, आन् आमी त्येच्या कानाचं कवतिक करतोय!" पुढे वर्षभर त्या गावातून माझ्याकडे गाडी आली की गाडीवाला आधी विचारायचा, "कुकू पुसलंय न्हवं?" ते मला सोसावंच लागलं.

फक्त तात्या हसले नाहीत. त्यांनी माणूस पाठवला धोंडिबाला बोलवायला. तो आला नाही. दुसरा पाठवला, तोही रिकामा परत आला. मग रविवारी तात्या मला म्हणाले, "बसा गाडीत." नवीन ड्रायव्हरला त्यांनी घेतलं नव्हतं. स्वतः चाकाशी बसले. रहाटणी ते भोसरी ही वाट मी आयुष्यात विसरणार नाही. दर गिअरला क्लच धाडकन सुटायचा, काळी बेडकासारखी उड्या मारायची आणि तात्या घाम पुसत म्हणायचे, "आता पुना ठोका आला का वो?"

"नाही तात्या. हा पायातला आहे."

धोंडिबाच्या खोलीपुढे गाडी तीन आचके देऊन बंद पडली. तो दारात आला. तात्यांनी काच खाली केली. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण तेव्हा तो मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आला. "धोंडिबा, माझं चुकलं. चल घरी."

धोंडिबा गाडीभोवती एक फेरी मारून आला. बॉनेटवर हात ठेवून बघितला, ती तापली होती. मग त्यानं तात्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा, मालक. क्लच जाळाल तिचा."

येताना पाच माणसं होती गाडीत, धोंडिबाची बायको आणि मुलगीही तात्यांनी बसवली होती. पोटाखालून काहीही आवाज आला नाही. सगळे मोकळेपणानं बोलत होते, आणि मलाही वाटलं की झालं, मिटलं.

काळी त्यानंतर आठ-नऊ वर्षं, तात्या जाईपर्यंत, माझ्याकडेच यायची. दुसरीकडे धोंडिबानं तिला कधी नेलं नाही, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, कुसुमनं दिलेला चहाही घ्यायचा. पण आला की गाडी लावायचा, किल्ली माझ्या हातात द्यायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. मी विचारायचो, "काय होतंय, धोंडिबा? चढावर होतंय का? थंडीत होतंय?" आता मी प्रत्येक शब्द ऐकायला तयार होतो.

"बगा की तुमीच," म्हणायचा. एवढंच.